मसुऱ्यातल्या चार कॉफ्या



आज आम्ही तुमच्यासमोर चार किटल्या मांडून बसलो आहोत. भाषण संपलं की प्रत्येकाला चारही कॉफ्या थोड्या थोड्या मिळतील, तोवर वास घ्या. जे हे भाषण नंतर वाचणार आहेत त्यांना ही सोय नाही. त्यांच्यासाठी शेवटी घरी करून बघायची एक रीत सांगणार आहोत.

विषय साधा आहे. आपल्या मसुऱ्यात कॉफी पिकत नाही. महाराष्ट्रात ती पिकते ती चिखलदऱ्याला, आणि तीही थोडीच. इथं नारळ आहे, सुपारी आहे, आंबा-काजू आहे, खाडीचं मासं आहे. सकाळी न्याहारीला उकड्या तांदळाची पेज होती. तरीही आमच्या लहानपणी, म्हणजे १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, कॉफी हा शब्द या गावात सगळ्यांच्या तोंडी होता. मग प्रश्न असा पडतो, की त्या शब्दाखाली लोक नेमकं काय पीत होते?

हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. हल्ली शहरातली मुलं तीन-चार मळ्यांच्या कॉफीची पाकिटं आणतात, वजन करून, पाणी मोजून कॉफी गाळतात आणि एकमेकांना विचारतात, यात लिंबाची छटा लागते का, त्यात चॉकलेटची लागते का. आमचा नातूही त्यांतलाच. ते बघून आम्हाला वाटलं, ही तुलनेची हौस नवीन आहे, आपल्या घरात असलं काही नव्हतं. ते आमचं चुकलं. तुलना आपल्या घरात होती. ती कोण करत होतं, ते आम्ही पाहिलं नव्हतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. कॉफीच्या दाण्याला जुन्या मराठीत बुंद किंवा बुंददाणा म्हणत. अरबीत दाण्याला ‘बुन्न’ म्हणतात आणि पेयाला ‘कहवा’. शब्द अरबी, कारण माल अरबी. येमेनमध्ये सूफी लोक रात्रीच्या जपासाठी जागं राहायला कॉफी घेत, ही पंधराव्या शतकातली गोष्ट. मोखा बंदरातून ती जहाजांनी सगळीकडे जाई, त्यात आपला पश्चिम किनाराही आला. जहांगीराच्या दरबारात आलेला इंग्रज वकील टॉमस रो, त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. धर्माचे नियम कडक पाळणारे पुष्कळ लोक इथं मद्य घेत नाहीत, कॉफी घेतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे १६१५-२० च्या सुमाराला हिंदुस्थानात कॉफी पिणारे होते. पिकवणारे नव्हते. पिकवणं सुरू झालं ते बाबा बुडन यांच्यापासून, असं सांगतात. हजहून परतताना त्यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. ही आख्यायिका आहे, पण त्या डोंगराला आजही बाबा बुडनगिरी म्हणतात.

आता आपण कुठं होतो ते बघा. समोर कालावलची खाडी. अलीकडे भरतगड, पलीकडे भगवंतगड. एक वाडीच्या सावंतांचा, दुसरा बावड्याच्या पंत अमात्यांचा. दोघं एकमेकांवर डोळा ठेवून. खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं तर मोख्याकडून येणाऱ्या जहाजांचा रस्ता याच समुद्रातून जायचा. दाणा आपल्या दारावरून जात होता. घरात यायला त्याला आणखी दोनेकशे वर्षं लागली, आणि तो आला तो समुद्राकडून नाही, मुंबईकडून.

पहिली किटली. यात नुसती कॉफी आहे. दूध नाही, साखर नाही. दाणा कर्नाटकातला, ‘मॉन्सून मलबार’ या जातीचा. जात म्हणजे झाडाची जात नव्हे, प्रक्रियेची. ही प्रक्रिया कशी सुरू झाली ते आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ऐकण्यासारखं आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाई. चार-सहा महिने लागत. तेवढ्या काळात जहाजाच्या पोटातला दमट वारा पिऊन दाणे फुगत, हिरव्याचे पिवळट होत, त्यांचा आंबटपणा जाई. तिकडच्या गिऱ्हाइकाला हीच चव खरी वाटू लागली. पुढं १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, माल ताजा पोचू लागला, तर गिऱ्हाईक म्हणू लागलं, ही आमची कॉफी नव्हे! मग मलबारच्या बाजूला व्यापाऱ्यांनी पावसाळ्यात गोदामांची दारं उघडी ठेवून, दाणे जमिनीवर पसरून, त्यांना मुद्दाम पावसाळी वारा द्यायला सुरुवात केली. प्रवासात नकळत झालेला बिघाड आता मेहनतीनं करावा लागू लागला.

ही गोष्ट लक्षात ठेवा. ‘खरी’ चव म्हणजे पुष्कळदा सवयीची चव असते, आणि सवयीला इतिहास असतो. (पावसात आपल्या घरातली कॉफीची पूड डब्यात दगड होते, तिला मात्र कुणी भाव देत नाही.)

दुसरी किटली. ही चिकोरी घातलेली. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून, भाजून, दळलेलं. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफीन नसतं. पण त्यानं पाण्याला दाट काळा रंग येतो आणि जिभेवर एक गोडसर कडवटपणा राहतो. १८०६ साली नेपोलियननं इंग्रजांच्या मालाला युरोपची बंदरं बंद केली, कॉफी मिळेना, तेव्हा फ्रान्समध्ये चिकोरी घरोघर गेली. बंदी उठली, पण चिकोरी राहिली. पुढं इंग्लंडात दुकानदार न सांगता ती कॉफीत मिसळू लागले. १८५० साली आर्थर हॅसल या डॉक्टरनं लंडनच्या दुकानांतली पूड आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि भेसळ दाखवून दिली. म्हणजे चिकोरीचा एकच पदार्थ एका देशात टंचाईतला आधार होता, दुसऱ्या देशात फसवणूक. फरक चवीत नव्हता. सांगितलं की लपवलं, एवढाच फरक होता.

आपल्या देशातला आजचा कायदाही तेच बघतो. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. घरी तपासायचं असेल तर काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, वर चिमूटभर पूड भुरभुरा. कॉफीत तेल असतं, ती बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच तपकिरी रेघ ओढत बुडी मारते.

मसुऱ्याला कॉफी आली ती बहुतेक याच रूपात. १८८८ साली पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी तरुणानं मुंबईत कॉफी भाजून, दळून विकायला सुरुवात केली. त्यांचं ‘पोलसन’ हे नाव पुढं लोण्यामुळे गाजलं, पण सुरुवात कॉफीची होती. मुंबईत आपला माणूस गिरणीत, गोदीत, छापखान्यात. सुट्टीत गावी येताना ट्रंकेत कॉफीचा डबा. आमच्या घरी असा एक पत्र्याचा डबा होता. तो फडताळात वरच्या खणात, आणि फडताळाची किल्ली आजीच्या कमरेला.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. देशी माणसानं घरात कॉफी प्यावी, हे कुणीतरी ठरवून घडवलेलं आहे. १९३० च्या आसपास जागतिक मंदी आली, परदेशात कॉफीचा भाव पडला. माल खपवायचा कुठं? तर देशातच. १९३५ साली कॉफीवर कर बसवून त्या पैशातून प्रचार करायची समिती झाली आणि १९३६ साली मुंबईत इंडिया कॉफी हाउस उघडलं. पुढं महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा १९४२ च्या कायद्यानं मळेवाल्यांचा सगळा माल कॉफी बोर्डाच्या एका सामाईक साठ्यात जमा होऊ लागला. बोर्ड त्याची प्रतवारी करी आणि लिलावानं विकी. यात बारक्या मळेवाल्याला आधार मिळाला, हे खरं. पण एक गोष्ट झाली. कुठल्या डोंगरावरचा, कुणाच्या मळ्यातला दाणा, ही ओळख साठ्यात पुसली गेली. १९९० च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद झाली, १९९६ पासून मळेवाला आपला माल आपण विकायला मोकळा झाला, आणि मग पाकिटांवर मळ्यांची नावं दिसू लागली.

याचा अर्थ असा, की आमचा नातू जी तुलना करतो, या मळ्याची आणि त्या मळ्याची, ती आमच्या पिढीला घरात बसून करताच आली नसती. पाकिटावर नावच नव्हतं. म्हणून आम्ही समजत होतो की आपल्याकडे तुलना नव्हती. तुलना होती. पण ती दाण्या-दाण्यांतली नव्हती, दाणा असलेली कॉफी आणि दाणा नसलेली कॉफी यांच्यातली होती.

तिसरी किटली. ही तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची. दुधात उकळलेली, साखर घातलेली, वर जायफळ. सहाणेवर दोन वळसे उगाळायचं आणि ते बोटानं दुधात सोडायचं. वेलची असली तर तीही. दक्षिणेतला माणूस ही बघून हसतो, त्याच्या पितळी फिल्टरमध्ये जायफळाला जागा नाही. पण मराठी घरात कॉफी म्हटली की हाच वास. जायफळ मूळचं बांदा बेटांवरचं. त्याच्या व्यापारावर एकट्याचा ताबा राहावा म्हणून डच कंपनीनं १६२१ साली तिथल्या बेटकरांची कत्तल केली. आज ते झाड आपल्या माड-पोफळीच्या बागेत सावलीला सुखानं वाढतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या ‘कोकण सुगंधा’सारख्या जाती काढल्या आहेत. मोख्याचा दाणा, बांदाचं जायफळ, युरोपातलं मूळ, आणि आपल्या गोठ्यातलं दूध. एका कपात एवढा नकाशा.

ही तिसरी कॉफी पाहुण्यांची. आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईहून चाकरमानी येत, भराडीदेवीचं दर्शन घेऊन घरी टेकत, तेव्हा आजी फडताळ उघडी.

आणि चौथी किटली. इथं आम्हाला थोडं थांबावं लागेल.

ही टाकळ्याची कॉफी. टाकळा तुम्हाला ठाऊक आहे. पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, परड्यात, आपोआप उगवतो, आपण त्याची भाजी करतो. पावसाळा संपता संपता त्याला बारीक लांब शेंगा धरतात, थंडीत त्या वाळतात. त्यातल्या बिया झोडून, सुपानं पाखडून, लोखंडी कढईत भाजायच्या, कुटायच्या, आणि गूळ घालून उकळायच्या. असलं तर सुंठ. नसलं तर नाही. दूध वासराचं आणि विकायचं भागून उरलं तर. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. टाकळ्याच्याच कुळातल्या बिया भाजून त्याचं पेय करायची पद्धत जपानात आणि कोरियात आजही आहे. यात कॅफीन नाही. एक सूचना: बी नीट भाजल्याशिवाय वापरू नये, आणि टाकळा आणि कासविंदा यांत गल्लत करू नये. ओळखणारं माणूस जवळ असल्याशिवाय तर करूच नये.

आमच्या घरात दोन टोप असत. एक पाहुण्यांचा, एक घरचा. पाहुण्यांच्या टोपात डब्यातली कॉफी, घरच्या टोपात टाकळा. घरचा टोप कुणासाठी? बायकांसाठी, आम्हा पोरांसाठी, कामाला आलेल्या गड्यांसाठी. पुरुषमाणसांना डब्यातली मिळे, शिल्लक असेल तोवर. दोन्ही टोपांना नाव एकच, कॉफी.

आता जे सांगतो ते सांगायला आम्हाला पन्नास वर्षं लागली. आम्ही शिकलो, मुंबईला गेलो, प्राध्यापक झालो. माटुंग्याला दाक्षिणात्य वस्तीत ताजी दळलेली कॉफी प्यायची सवय लागली. सत्तरच्या दशकातल्या एका सुट्टीत घरी आलो, बरोबर कॉलेजातले दोन मित्र. आजीच्या हातून टोपांची अदलाबदल झाली असेल, किंवा डबा संपला असेल. तिनं आमच्या पुढ्यात टाकळ्याची कॉफी ठेवली. एक घोट घेतला आणि मित्रांसमोर आम्ही म्हणालो, “आजी, ही कॉफी नव्हेच. ही खोटी कॉफी.”

ती म्हणाली, “कॉफी नाय तर काय आसा रे झिला?”

आम्ही हसलो. मित्रही हसले. तिनं कप उचलून नेले. त्यानंतर ती होती तोवर आमच्यासमोर तिनं टाकळा कधी ठेवला नाही. आमच्यासाठी डबा राखून ठेवी. आम्ही तिचा तो प्रश्न विनोद म्हणून पुष्कळ वर्षं सांगत होतो. वर्गातसुद्धा, नाव आणि वस्तू यांचा संबंध शिकवताना. पण तो खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आम्ही दिलं नव्हतं.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे येतो, गेल्या वर्षीच्या. नातवाची पाकिटं बघून आम्ही ठरवलं, घरात परीक्षा घेऊ. रीत आम्हाला पुस्तकातून ठाऊक होती. रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ, त्याच्या १९३५ च्या पुस्तकात एक उदाहरण आहे. एक बाई म्हणाली, कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. फिशर म्हणतो, आठ कप करा. चार एका रीतीचे, चार दुसऱ्या. कुठला कुठला ते न सांगता, सरमिसळ करून द्या, आणि बाईंना चार निवडायला सांगा. आठातून चार निवडण्याचे एकूण ७० प्रकार होतात. नुसत्या नशिबानं चारही बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. एवढं जमलं तर मानावं की तिला खरंच कळतं.

पुतणीनं आठ कप केले. सगळ्यांत दूध, साखर, जायफळ सारखं. चारांत निव्वळ कॉफी, चारांत चिकोरीचं मिश्रण. कपांखाली खूण, आम्हाला दिसणार नाही अशी. परीक्षेला बसलो आम्ही, नातू, आणि आमची मोठी वहिनी. वहिनीचं वय ऐंशीच्या पुढं. तिला खरं तर आम्ही गंमत म्हणून बसवलं होतं, हेही कबूल करतो.

आम्ही गरम गरम घोट घेतले आणि दोन मिनिटांत चार कप निवडले. त्यांत दोन बरोबर. डोळे मिटून चार उचलले असते तरी बहुतेक वेळा दोनच बरोबर आले असते, सत्तरातले छत्तीस प्रकार तसेच आहेत. म्हणजे आम्हाला काहीही कळलं नव्हतं. नातवाचे तीन. वहिनी पुष्कळ वेळ काही बोलेना. कप गार होऊ दिले. मग एकेक हुंगला, छोटा घोट घेतला, गिळून थांबली. चार बाजूला काढले. चारही बरोबर.

आम्ही विचारलं, कसं कळलं? ती म्हणाली, “भावजी, गरम असताना काय कळणा नाय. निवल्यार मुळाचा गॉडपण जिभेर मागे रवता.” मुंबईत कॉफी पारखण्याचा धंदा करणारे लोकही कप गार होत जाताना पुन्हा पुन्हा चाखतात, हे आम्ही नंतर वाचलं. आम्ही पुन्हा विचारलं, तुला हे शिकवलं कुणी? तेव्हा ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगतो. “शिकवतला कोण? दोनी टोपातला उरलेला मीच पियत होतंय. माका नाय कळतला तर कोणाक कळतला?”

मंडळी, डेव्हिड ह्यूमचा रसिकतेच्या निकषावरचा निबंध आम्ही जवळजवळ तीस वर्षं शिकवला. १७५७ सालचा. त्यात ‘डॉन किहोटे’मधली एक गोष्ट येते. सांचोच्या दोन नातलगांना पिंपातली दारू चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित कातड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम, पण किंचित लोखंडाची. सगळे त्यांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते एक जुनी किल्ली, कातडी वादीला बांधलेली. ह्यूमला सांगायचं होतं, की चव ही केवळ ज्याच्या त्याच्या मनाची लहर नाही, वस्तूत काहीतरी असतं आणि सवयीच्या जिभेला ते सापडतं. जिभेला सवय हवी, तुलनेचा सराव हवा, मनात पूर्वग्रह नको.

तीस वर्षं हे शिकवताना सराव असलेला परीक्षक म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर कोण येई? फावल्या वेळेचा, चांगल्या कपड्यांतला गृहस्थ. चुलीपुढं बसून दोन टोपांच्या तळाचं पिणारी सून कधीच आली नाही. ह्यूमच्या सगळ्या अटी ती पुऱ्या करत होती. रोजचा सराव होता, रोजची तुलना होती, आणि कुणी तिचं मत विचारत नसल्यामुळे नाव राखायची चिंताही नव्हती. पूर्वग्रह होता तो आमच्याकडे. डबा पाहिला की खरी, टोप पाहिला की खोटी.

इथं शब्दांबद्दल एक मुद्दा. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रसाचे सहा प्रकार दिले आहेत, मधुर, आम्ल, लवण, कटु, कषाय, तिक्त. गंध हा वेगळा गुण, त्याचं इंद्रिय वेगळं. आता गंमत बघा. संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि अर्थ सरकला. कॉफी पिताना आपण सगळ्यालाच कडू म्हणतो. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक खरा कडवटपणा, जिभेवर जाणवणारा. दुसरा तुरटपणा, म्हणजे कषाय, सुपारी खाल्ल्यावर तोंड आवळतं तसा. तिसरा करपट वास, जो चव नाहीच, गंध आहे. नाक चिमटीत धरून घोट घ्या, करपटपणा नाहीसा होईल, कडवटपणा राहील. आम्हाला आठ कपांत जे सापडलं नाही, त्याचं एक कारण हे, की आम्ही एकाच शब्दानं तिन्ही शोधत होतो. वहिनी ‘मुळाचा गॉडपण’ शोधत होती. तिच्याकडे नेमका शब्द होता.

परीक्षेनंतर आम्ही तिला म्हणालो, टाकळ्याची कॉफी करून दाखव. ती म्हणाली, तुम्हीच करा, मी बघतंय. पहिली कढई आम्ही करपवली. दुसरी कच्ची राहिली, हिरवट वास आला. तिसऱ्या वेळी ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, बघू नका, ऐका. बिया तडतडू लागतात. तडतड दाट होते, मग विरळ होते. विरळ झाली की उतरायची, खाली घेतल्यावरही कढईच्या तापानं त्या भाजत राहतात. हे कुठल्या पुस्तकात नाही. आजीनं तिला सांगितलं, तिनं आम्हाला. आम्ही लिहून घेतलं. आजीकडे आणखी काय काय होतं, ते आता विचारायला माणूस नाही. ते नुकसान कशानंही भरून येणारं नाही आणि त्यातला आमचा वाटा आम्ही नाकारत नाही.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. ही कॉफी नाही तर काय आहे? वनस्पतीशास्त्रानं विचाराल तर ही कॉफी नाही, त्या दाण्याशी हिचं नातं नाही. पण इतिहासानं विचाराल तर पाहुण्यांच्या टोपातलीही अर्धी कॉफी नव्हती, मूळ होतं. आणि मलबारची जी कॉफी युरोपात अस्सल म्हणून गेली, ती जहाजात बिघडलेली होती. या तिघींत एकीलाच खोटी म्हणायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? हॅसलनं दाखवलेला फरक पुन्हा आठवा. खोटेपणा लपवण्यात असतो. आजीनं काहीच लपवलं नव्हतं. टाकळा परड्यातून आणलेला सगळ्यांनी पाहिला होता. उलट दोन टोप वेगळे ठेवून, नाव मात्र एकच देऊन, कुणाला काय मिळतं ते त्या घरानं झाकून ठेवलं होतं. खोटं काही असेल तर ते तिथं होतं.

याचा अर्थ टाकळ्याची कॉफी फार छान लागते, असं आम्ही म्हणत नाही. चाखा आणि ठरवा. आम्हाला विचाराल तर पहिली किटली जास्त आवडते. आवड वेगळी आणि पारख वेगळी. आवडीबद्दल वाद नको. पारखीबद्दल मात्र शिकता येतं, चुकता येतं आणि चूक कबूलही करता येते.

कबूल केल्याप्रमाणे शेवटी रीत. चार सारखे कप, विहिरीचं किंवा नळाचं, पण एकच पाणी. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा. १५० मिलिलिटरला साधारण आठ ग्रॅम पूड. चार मिनिटं भिजू द्या, वरची साय चमच्यानं मोडा, गाळ खाली बसू द्या. पहिल्या खेपेला दूध-साखर नको. कुठला कप कुठला, ते दुसऱ्या माणसाकडे लपवलेलं असू द्या. एकदा गरम, एकदा कोमट, एकदा गार असं चाखा. प्रत्येक कपापुढे कडू, तुरट, आंबट, गोड आणि वास असे वेगळे शब्द लिहा. नुसतं ‘छान’ लिहू नका.

आणि परीक्षेला बसताना घरात जी व्यक्ती सगळ्यांचं करून झाल्यावर शेवटी पिते, तिला पहिल्यांदा बसवा.

वहिनी आज इथं मागच्या रांगेत बसली आहे. चौथी किटली तिनंच केली आहे, पण तुम्हाला ती आम्ही वाढणार आहोत. पहिला कप तिला देतो आणि थांबतो.